पाच बरे टायर

"आणि दहा प्लायचे, जाड थरांचे टायर घेतले तर, उस्ताद?"

इलाही उस्ताद ट्रकच्या चाकाला पाठ टेकून बसले होते आणि चहा बशीत ओतत होते.

विचारणारे होते डॉक्टर शार्दूल पारसनीस. वय तेहतीस. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून ते गगनबावड्याच्या डोंगरात आले होते आणि वरचे सात धनगरवाडे त्यांनी आपले मानले होते. पावसाळ्यात तिथं कुठलंच वाहन जात नाही. म्हणून त्यांनी वापरलेली फोर बाय फोर गाडी घेतली, आणि ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की यंदाच्या पावसात एकही शनिवार चुकणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. डॉक्टरांना त्या अजून ऐकू येत होत्या.

गाडी घेण्यात जवळचं बहुतेक सगळं संपलं होतं. आता टायर हवे होते. चिखलात चालतील, दगडात चालतील, डांबरावर चालतील आणि तरी परवडतील असे. डॉक्टरांनी पंधरा दिवस रोज वाचन केलं, जगभरच्या लोकांची मतं पाहिली आणि एक कागद तयार केला. त्यावर चार नावं होती. तिसऱ्यावर काट मारलेली होती.

तो कागद घेऊन ते घाटमाथ्यावर उस्तादांच्या दुकानात आले होते. इलाही मुजावर चाळीस वर्षं तिथं टायर काढत आणि घालत होते. उस्तादांनी चाकांवर हात फिरवल्याशिवाय कोकणात उतरायचं नाही, असं जुने ट्रकवाले मानायचे. उस्तादही मानायचे.

"कागद बघा तरी."

उस्तादांनी कागद घेतला नाही. आत्ता गाडीला कुठले टायर आहेत, एवढंच विचारलं.

डॉक्टरांनी कंपनी सांगितली, माप सांगितलं, नक्षी किती खोल आहे तेही सांगितलं. त्यांनी स्वतः मोजली होती.

"कधीचे हायत?"

आधीच्या मालकाने गाडी फार फिरवली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. नक्षी तर जवळपास नवीच होती.

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात दाबत गाडीपाशी गेले, खाली बसले आणि फडक्याने टायरच्या बाजूवरची माती पुसली. एका लहान चौकटीत चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर सात वर्षांचा होता.

"साऱ्या दुनियेचे टायर वाचलासा, डॉक्टर," उस्ताद म्हणाले. "तुमचा तेवढा राहिला."

डॉक्टरांचे कान तापले. वर्गात कधी दुसरा नंबर न आलेला माणूस होता तो.

मग उस्ताद न विचारताच गाडीत बसले आणि कुठल्या वाटेनं जाता ती दाखवा म्हणाले.

वाट निम्मी डांबराची होती. पुढे दगडगोट्यांची, आणि पहिल्या वाड्याच्या खाली तांबड्या निसरड्या मातीचा एक उभा चढ. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. डॉक्टरांनी जोरात गाडी घातली. ती अर्ध्यावर जाऊन जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती तिरकी होऊन मागे घसरली.

"म्हणून तर मोठ्या नक्षीचे हवेत," डॉक्टर म्हणाले. "आणि एक माप मोठे."

उस्ताद खाली उतरले. एक काडी उचलली आणि पहिल्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये दाबून धरली.

हवा सुटू लागली.

डॉक्टर धावत आले. त्यांनी सांगितलं की याने टायर खराब होतो, त्यांनी तसं वाचलं आहे. उस्ताद पुटपुटत आकडे मोजत होते. मोजून झाल्यावर दुसऱ्या चाकाकडे गेले. मग तिसऱ्या. मग चौथ्या. चारही टायर जमिनीवर थोडे पसरले.

"आता चालवा. हळू."

गाडी चढली. कुठे न अडता, कुरकुर न करता, म्हैस चढते तशी चढली.

वर पोचल्यावर डॉक्टरांनी गाडी थांबवली आणि उतरून चाकांकडे पाहिलं.

"म्हणजे नवे टायर नकोतच?"

"हे तर आजच काढा," उस्ताद म्हणाले. रबर वाळून कडक झालंय. चिखलात एक वेळ निभेल, पण पावसात डांबरी वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थांबायची नाही... आणि वळणं तर आपल्याकडं मोजू तेवढी कमी.

उतरून खाली आल्यावर उस्तादांनी गाडीतला पायपंप डॉक्टरांच्या हातात दिला. डांबरावर हवा पुरी लागते, म्हणाले. डॉक्टरांनी चारही चाकं स्वतः भरली. तिसऱ्या चाकाला त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. उस्ताद दगडावर बसून समोरच्या डोंगराकडे बघत होते.

दुकानात परतल्यावर त्यांनी आपणहून हात पुढे केला आणि कागद मागितला.

पहिल्या नावाचे टायर परदेशी होते. डॉक्टरांनी सगळा हिशोब जुळवला होता. काटकसर केली तर त्या नावाचे चार बसत होते.

"चार उत्तम घेतासा, का पाच बरे?"

"पाच? स्टेपनी आहे की माझ्याकडे."

"सात वर्षांची."

उस्तादांनी तेव्हा जरा लांबण लावली. सहाव्या वाड्याजवळ दगडाने एक टायर फाडला, तर तीन नवे आणि एक मेलेला अशी गाडी घेऊन तुम्ही घाटात येणार. आणि तो परदेशी टायर कोल्हापुरात मिळायचा नाही, पंधरा दिवस वाट बघायची. त्यात दोन शनिवार गेले. दहा प्लायचा टायर ओझ्याच्या गाडीला. तुमच्या गाडीत औषधाची पेटी आणि तुम्ही. तो दबायचा नाही, मग मातीला धरायचा कसा? आणि मोठ्या माप-नक्षीने डांबरावरची पकड सुटते, गाडी डिझेल जास्त पिते. तुमची निम्मी वाट डांबराची हाय.

मग त्यांनी काट मारलेल्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. देशी कंपनी, मध्यम नक्षी, गाडीचं मूळचं माप. कोल्हापुरात अर्ध्या दिवसात मिळणारा.

"तो सगळ्यात स्वस्त आहे म्हणून मी काढला होता," डॉक्टर म्हणाले.

"मग पाच येतील."

डॉक्टरांना ते लागलं. एवढा अभ्यास, आणि शेवटी रस्त्याने जाणारा कुणीही घेईल ते घ्यायचं. तरी त्यांनी घेतले. का घेतले ते त्यांना त्या दिवशी सांगता आलं नसतं. पाचही टायर उस्तादांनी स्वतः चढवले आणि प्रत्येकावर एकदा तळहात फिरवला.

आषाढ गेला. डॉक्टरांचा एकही शनिवार चुकला नाही.

तांबड्या चढाखाली ते थांबायचे, हवा कमी करायचे, वर जायचे, परतताना पुन्हा भरायचे. पोटऱ्या थरथरायच्या थांबल्या. दुसऱ्या दोन गाड्या जिथे रुतल्या तिथून ते शिट्टी वाजवत निघून गेले. वाड्यावरचे लोक आता गाडीच्या आवाजावरून डॉक्टर आले हे ओळखत. बाजारात कुणी टायरबद्दल विचारलं की डॉक्टर थांबून पंधरा मिनिटं सांगत. आपली निवड, असं ते म्हणायचे.

श्रावणातल्या एका शनिवारी त्यांनी गाडी उस्तादांच्या दुकानासमोर उभी केली. चला, म्हणाले, तुम्हाला वरची वाट दाखवतो. खरं तर त्यांना गाडी दाखवायची होती.

उस्ताद बसले. दगडांची वाट आली आणि गेली. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. दगडांची वाट आली आणि गेली.

"कशी चालतेय?" डॉक्टरांनी अखेर विचारलं.

"बरी."

चौथ्या वाड्यावर तपासणी चालू असताना कोंडीबा झोरे नावाचा माणूस पळत आला. तो सहाव्या वाड्यावरचा. ओढ्यावर साकव होता, लाकडी, माणसापुरता, तो ओलांडून आला होता. त्याने धापा टाकत सांगितलं की धुळूमामाला गांधीलमाश्या डसल्यात, वीसेक तरी असतील, तोंड सुजलंय आणि श्वास घेताना घरघर होतेय.

डॉक्टरांनी पेटी उचलली. कोंडीबाला मागे बसवलं. अशा वेळी एक इंजेक्शन जीव वाचवतं, आणि उशीर जीव घेतो, हे त्यांना माहीत होतं. गाडी इतकी वेगात त्या वाटेवर कधी गेली नव्हती. आणि तरी ती हातात होती, प्रत्येक दगडावर जमीन धरून होती. भीतीच्या आतसुद्धा डॉक्टरांना त्याचा अभिमान वाटला.

मग ओढा आला.

एरवी घोट्याएवढं पाणी. आज ते तांबडं, फुगलेलं, मधोमध गुळगुळीत होऊन वाहत होतं. पलीकडे चढावर सहाव्या वाड्याची छपरं दिसत होती.

डॉक्टरांनी गिअर बदलला.

"थांबवा," उस्ताद म्हणाले.

"साकव वरच्या अंगाला आहे, उस्ताद. चालत गेलं तर पंधरा मिनिटं जातील. तो माणूस मरेल."

उस्तादांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"हे टायर जातील यातून. मला माहीत आहे."

"जातील," उस्ताद म्हणाले. "टायर जातील. गाडी जाईल. मागचा कोंडीबा जाईल. पेटी जाईल. मग धुळूला कोण टोचणार?"

इंजिन चालू होतं. डॉक्टरांचा पाय क्लचवर होता. समोरच्या पाण्यातून एक आख्खं झाडाचं खोड आलं, एकदा उभं राहिलं, आणि खाली गेलं.

दार उघडल्याचा आवाज झाला.

उस्तादांनी औषधाची पेटी उचलून खांद्याला लावली होती. वय एकाहत्तर, एक गुडघा कामातून गेलेला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ओढ्याच्या काठाकाठाने, लंगडत, ते साकवाच्या दिशेने चालू लागले.

डॉक्टरांनी गाडी बंद केली, तसा कोंडीबा उतरून पुढे धावला.

पन्नास पावलांवर त्यांनी उस्तादांना गाठलं. पेटी घेतली आणि कोंडीबाच्या मागे पळत सुटले. शेवाळलेल्या साकवावर ते दोनदा गुडघ्यावर आपटले. पलीकडचा चढ हाताने झुडपं धरत चढले. वाड्यावर पोचले तेव्हा छातीतून शिट्टी वाजत होती.

धुळू येडगे ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे पडत चालले होते. त्याची बायको हौसाबाई त्याचं डोकं धरून होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि बाजूला सरकली.

डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. नाडी धरून बसले. पाच मिनिटांनी दुसरं दिलं. अंगणात सगळा वाडा उभा होता.

मग घरघर कमी झाली. थोड्या वेळाने धुळूने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

डॉक्टर दोन तास तिथून हलले नाहीत. नाडी ताळ्यावर आल्याची खात्री झाल्यावर त्यांनी डोली करायला सांगितली, कारण रात्रभर धुळूला दवाखान्यातच ठेवायला हवं होतं. चौघांनी घोंगडी आणि दोन वाशांची डोली केली. हौसाबाईने डॉक्टरांना दुधाचा तांब्या दिला. त्यांनी तो उभ्यानेच संपवला.

साकवावरून डोली एका एका पावलाने पार झाली. डॉक्टर पुढे होते. कपडे चिखलाने भरलेले, एक बूट ओढ्याला गेलेला. ताठ मानेने चालत होते. गाडी चालवताना ते कधी एवढे ताठ बसले नव्हते.

गाडी होती तिथेच होती. उस्ताद तिच्या सावलीत दगडावर बसले होते. डोली पाहून ते उठले आणि मागची सीट आडवी करू लागले.

धुळूला आत निजवलं. हौसाबाई त्याच्या उशाशी बसली. डोली आणणारे चौघे हात जोडून उभे राहिले. पाणी अजून तसंच गर्जत होतं.

डॉक्टर गाडीसमोर उभे राहिले. चिखलाने माखलेल्या टायरांकडे त्यांनी पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा टायरांकडे.

"उस्ताद..."

"बोला."

"ओढा चालतच पार करायचा होता, तर हे टायर मी कशासाठी घेतले?"

उस्तादांनी वाकून पुढच्या चाकावर तळहात फिरवला.

"इथवर यायला."