उपाशीपोटी

“मग सोमवारपासून मी एकट्यानं भूल देऊ ना, मॅडम?”

डॉ. सबनीस बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या स्टुलावर त्या पाय लांब करून बसल्या होत्या. सदतीस वर्षं लोकांना झोपवून झोपवून त्यांचे स्वतःचे घोटे सुजले होते. हो म्हणावं आणि कायमचं घरी जावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“तुझी औषधं दाखव,” त्या म्हणाल्या.

ओजस बिरनाळेनं सिरिंजांचा ट्रे पुढे केला. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

“पोट उघडायचंय, पण भुलीचा गॅस अजिबात नाही. सगळं शिरेतून. हे पांढरं झोपेचं. त्यानं बीपी पडतं, म्हणून जोडीला हे, बीपी सावरून धरणारं. तिसरं वेदनेचं. तिन्ही एकत्र दिली की प्रत्येकाचं कमीच लागतं. वजनावरून काढलंय.”

बाईंनी आकडे पाहिले. एकही चूक नव्हती.

“पेशंट उपाशी आहे?”

“रात्रीपासून. काही खाल्लंय का, दोनदा विचारलं. नाही म्हणाली.”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

हौसाक्का मगदूम आत ट्रॉलीवर पडली होती. पित्ताशयातल्या खड्यांनी बेजार होऊन सकाळीच गावाहून आली होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

“निघताना पोचवायला कोण कोण आलं होतं, आक्का?”

ओजसनं घड्याळाकडे पाहिलं. सर्जन हात धुऊन तयार, आणि मॅडमना गप्पा सुचत होत्या.

“समदी गल्ली आली हुती की.” हौसाक्का जरा खुलली. “सासूनं हातावर दही घातलं, साखर घातली. मग थोरल्या जाऊबाईनं. मग शेजारची काकी, तिच्या दोगी सुना… आपरेशनला निघालेलं माणूस, कुणाला नगं म्हनायचं? धा-बारा जणींनी तरी घातलं असंल.”

“किती वाजता?”

“आटाला गाडी निघाली.”

…

झोपवलेल्या माणसाच्या पोटातलं वर येतं आणि श्वासाबरोबर छातीत उतरतं, हे भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. बाईंनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या माणसाचं नाव त्या अजून विसरल्या नव्हत्या.

“ऑपरेशन तीन वाजता,” त्यांनी सर्जनना सांगितलं. सर्जन कुरकुरले, मग हातमोजे काढायला लागले.

ओजसनं पांढरी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली.

“ती खोटं बोलली, मॅडम.”

“खरं बोलली. हातावरचं दही कुणी खाण्यात धरतं का? परीक्षेला जाताना तुझ्या आईनं घातलं असेल, ते तू धरलंस?”

त्यानं मान खाली घातली. सोमवारचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. बाई परत स्टुलावर बसल्या. त्यांना फार दमायला झालं होतं, आणि आता तीन वाजेपर्यंत थांबणंही आलं.

थोड्या वेळानं त्यानं खिशातून पेन काढलं.

“यादीत घालतो, मॅडम. दही, तीर्थ, प्रसाद, चहा… पुढच्या वेळी एकेक करून सगळं विचारीन.”

बाईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत त्याच्याच खिशाला अडकवलं.

“तीनला अवकाश आहे. तिच्याजवळ जाऊन बस, बोलू दे तिला.”

“आणि काय विचारू?”

बाईंनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले.

“काही विचारू नकोस.”