चघळल्या लाकडाचा घास

माणसांनी अजून दारं-खिडक्या केल्या नव्हत्या, त्या काळची गोष्ट. एका रानात वाळवीचं मोठं वारूळ होतं. तिथला रिवाज असा: आल्या पाहुण्याला चघळलेल्या लाकडाचा घास द्यायचा. घास पोटात टिकला, तर पाहुणा आपला.

रिवाज चांगला होता. वारुळातल्या थोरल्या वाळव्या मात्र नुसत्या वयाने वाढलेल्या. लाल मुंगळे मोठ्या घरचे, शिस्तीचे, आणि आपण त्यांचेच, असं त्या एकमेकींना इतकं सांगत की त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

पिल्लांना भरवणारी एक कामकरी वाळवी होती. एका सकाळी तिच्या दाराशी म्हातारं रानझुरळ आलं.

"माझा ओंडका पुरात गेला, पोरी. एक कोपरा दे."

"हाकल त्याला!" आतून थोरली कडाडली. "झुरळ म्हणे! चारचौघांत नाक कापशील आमचं."

"आजी, रिवाज तुमचाच," म्हणत तिने घास पुढे केला.

झुरळाने तो खाल्ला, ढेकर दिला आणि वर म्हणालं, "आंब्याचा ना? जरा जून झालाय."

तिला हसू फुटलं. पिल्लांसारखंच याचंही पोट लाकडावर चालत होतं.

"आपल्या पणज्या एकाच ओंडक्यात वाढल्या," झुरळ म्हणालं. "तुम्ही वारूळ बांधलंत, आम्ही भटकत राहिलो, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मुंगळ्यांचा जथा आला. थोरल्यांनी दार सताड उघडलं. घास वगैरे नाही, घरचेच ते!

"पिल्लं कुठं आहेत?" म्होरक्याने पहिलंच विचारलं.

 कामकरी वाटेत आडवी उभी राहिली. "आधी घास."

"मेले, मोठ्यांपुढे तोंड चालवतेस?"

"तोंडात घास आहे, आजी. चालवायलाच हवं."

म्होरक्याने घास घेतला आणि थू करून टाकला. "लाकूड खातं का कुणी? आम्हाला कोवळं लागतं. पिल्लं दाखवा."

थोरल्या मागे सरकल्या. झुरळाने मात्र धाव घेऊन आपलं रुंद अंग दारात घातलं. त्याच्या आडोशाने कामकऱ्यांनी भराभर माती लिंपली. मुंगळे चावले, झुरळ हललं नाही. शेवटी ते आत सरकलं आणि दार बंद झालं. एकही पिल्लू गेलं नाही.

थोरली कामकरीपाशी आली. "चुकलं माझं."

"मला काय सांगता? त्याला सांगा."

थोरली खाली मान घालून गेली. जाताना स्वतः चघळलेला घास घेऊन गेली.

"हा मऊ आहे," झुरळ म्हणालं आणि कोपऱ्यात ऐसपैस बसलं.

तात्पर्य: ज्याचं नातं सांगायला लाज वाटते त्याला एकदा पारखावं, आणि ज्याचं नातं मिरवावंसं वाटतं त्याला दोनदा.