पावाची वरची कड

पावाला अजून वाचा होती तेव्हाची गोष्ट. दमयंतीबाई जेवणाच्या टेबलापाशी मुलांची इंग्रजीची शिकवणी घेत. एकदा त्यांनी सांगितलं, "बड्या घरच्या लोकांना इंग्रजीत 'अप्पर क्रस्ट' म्हणतात. म्हणजे पावाची वरची कड."

टेबलावर अख्खा पाव ठेवला होता. त्याच्या वरच्या कडेनं हे ऐकलं आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. ती खालच्या कडेला म्हणाली, "आजपासून मला ताईसाहेब म्हणायचं. तू भट्टीत साच्याच्या बुडाशी बसून काळी झालेली. माझ्याशी बरोबरीनं बोलू नकोस."

"अगं, आपण एकाच पिठाच्या ना?"

"असू. पण इंग्रजांनी नाव माझं घेतलं, तुझं नाही."

संध्याकाळी साखर कारखान्याचे चेअरमन सहकुटुंब चहाला आले. वरची कड हरखली. आपली माणसं आली, आता पहिला मान आपलाच.

दमयंतीबाईंनी सुरी उचलली आणि पहिल्यांदा तिलाच कापून वेगळं केलं. कडेचा विश्वासच बसेना.

"बाई, काहीतरी चुकतंय. मी वरची आहे, वरची."

सुरी थांबली नाही. बाई लेकीला म्हणाल्या, "मोठ्या माणसांचं सँडविच आहे. कड दिसली तर नाकं मुरडतील. या सगळ्या कडा कोंबड्यांना घाल."

वरची कड कोंबड्यांच्या ताटलीत जाऊन पडली. खालची कड मागून कापलेली, पण तिथे आधीच येऊन पडली होती. ती जराशी बाजूला सरकली.

"या, ताईसाहेब," ती म्हणाली. "बसा."