वातींचा कापूस

माणदेशात करंजओढा नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या सिद्धनाथाच्या देवळात कापूसमहाराज राहत. पायरीवर बसून सरकी काढावी, वाती वळाव्यात, समईत घालाव्यात, एवढीच त्यांची साधना. कोणी दुःख घेऊन आलं की महाराज त्याच्या हाती कापूस देत आणि म्हणत, "वळता वळता बोल."

गावात हौसा लोहार ही आरोग्य खात्याची आशाताई होती. बाळंतिणी, लसी तर ती बघेच; पण ज्यांना शहरातल्या डॉक्टरांनी "आता घरीच सांभाळा" म्हणून परत पाठवलं, त्या कॅन्सरच्या रोग्यांकडेही ती रोज जाई. जखम धुवावी, वेदनेच्या गोळ्या वेळच्या वेळी द्याव्यात, केस विंचरावेत. जखमेवर ठेवायला कापूस महाराज देत.

सरपंच रंगराव जगदाळे यांना हे रुचत नसे. ते चारचौघांत विचारत, "हौसा, तुझ्या हातचा एक तरी रोगी उठून कामाला लागलाय का? आणि देवाचा कापूस पुवाला लावतेस!"

हौसा मान खाली घालून पुढं जाई. कारण पिशवीतला तो कापूस रंगरावांच्याच घरी निघालेला असे!

रंगरावांची थोरली बहीण भागूअक्का. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं. तिच्या छातीतली गाठ फुटली होती आणि वासामुळं तिला परसातल्या खोलीत ठेवलं होतं. तीन महिने रंगराव तिकडं फिरकले नव्हते. त्यातच नऊ वर्षांनी त्यांच्या घरी पाळणा हलला, मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचं ते आत्यानं. अक्काचा जीव तेवढ्यासाठी अडकला होता. रंगरावांनी मात्र चुलतबहिणीला बोलावणं धाडलं. अक्का पुढं आली तर पाहुणे नाक दाबून पळतील, म्हणाले.

बारशाच्या सकाळी हौसा देवळात जाऊन रडली. "महाराज, अक्काला अंगारा द्या. आजच्यापुरता तो वास जाऊ दे."

महाराजांनी अंगाऱ्याला हातही लावला नाही. कापसाची टोपली उचलली आणि सगळी तिच्या पदरात रिकामी केली. "डॉक्टरांनी शिकवलंय तसंच कर. जखमेवर ती वासावरच्या गोळ्यांची पूड टाकायला विसरू नकोस."

"आणि समईला वात?"

"समई आज तिकडंच लावू," महाराज म्हणाले.

हौसानं गोळी दिली, कोमट पाण्यानं जखम धुतली, पूड भुरभुरली, वर महाराजांचा कापूस बांधला. अक्काला हिरवं लुगडं नेसवलं. अक्का म्हणाली, "नटवतेस खरी, पण मला बोलावणार कोण गं?"

तेवढ्यात अंगणातल्या बायकांचं बोलणं कानी आलं. तुपाची समई कुठं लावलीय, म्हणत होत्या, काय घमघमाट सुटलाय. हौसाला वाटलं, टोमणाच आहे. मग तिनंही श्वास घेतला आणि जागच्या जागी थबकली. खोलीत दिवा नव्हता, साधी काडेपेटीही नव्हती. पण काकड्याच्या वेळी गाभाऱ्यात असतो तसा सुवास खोलीभर दाटला होता!

पाहुणे वासाचा माग काढत निघाले. सर्वांत पुढं रंगराव. देवघर झालं, स्वयंपाकघर झालं, नाक वर करून परसात आले ते थेट अक्काच्या दारात. तिथं मात्र पाऊल उचलेना.

"ये रे रंगू," अक्का म्हणाली. "पोरीला आणलीस का?"

सरपंच लहान पोरासारखे रडले. पाळणा परसात आला. रंगरावांनी शहरी थाटाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. अक्कानं ती उघडलीच नाही. ती बाळाच्या कानाशी वाकली. बायकांनी कुर्रर्र केलं आणि विचारलं, काय ठेवलं नाव?

"हौसा."

अंगण हसण्यानं भरून गेलं. मोठी हौसा दाराआड दडली. रंगराव तिच्या पाया पडायला वाकले, तशी ती मागं सरली. "थांबा सरपंच, माझे हात धुवायचेत अजून."

अक्का पुढं एकवीस दिवस होती. पाळणा तिच्याच खोलीत राहिला, दोरी तिच्याच हातात.

बारशाच्या दिवशीच दिवेलागणीला रंगराव आपल्या रानातल्या कापसाचं गाठोडं घेऊन देवळात गेले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. बोलायचं पुष्कळ होतं. महाराजांनी त्याच गाठोड्यातला मूठभर कापूस त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"समई थांबलीय," महाराज म्हणाले. "वळता वळता बोल."