मैदानाकडे पाठ

"मग माझं चुकतंय कुठं, वस्ताद?"

हाफटाइमची शिट्टी होऊन गेली होती. हर्षद इंगवले मैदानाच्या कडेला, आपल्या खुर्चीशेजारी, जाळी धरून उभा होता. जाळीपलीकडे, प्रेक्षकांच्या पहिल्या पायरीवर, रावजी वस्ताद शेंगा सोलत बसले होते. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाला शिकवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. यंदा आपण होऊन त्यांनी ती जागा या कॉलेजात शिकलेल्या पोराला दिली होती.

संघ एका गोलने मागे होता. आज हरला, तर तालीम वरच्या गटातून खाली जाणार होती. आजवर कधी गेली नव्हती. बरोबरी झाली तरी वाचणार होती.

"चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे," हर्षद म्हणाला. "पावसाळाभर हेच घोकून घेतलंय. सरावात नीट उभे राहतात. मॅचमध्ये पुढच्याला कुणी पाडलं, की मागचा भांडायला धावतो. का, तर तो त्याचा चुलत भाऊ. मागं पडतं भगदाड. गोल तिथूनच झाला."

"बघितलं."

"मी ओरडत होतो की... चार नंबर मागे, चार नंबर मागे."

"ऐकलं. सगळ्या पेठेनं ऐकलं."

आसपासची माणसं हसली. हर्षदचे कान तापले.

"हसा. पण जग कुठल्या कुठे गेलं, आणि आपण अजून भावकीचा फुटबॉल खेळायचा? मैदानात कुणी कुणाचा भाऊ नसतो. म्हणून तर मी पोरांना नंबरानं हाक मारतो."

वस्तादांनी तोंडात शेंगदाणा टाकला. सावकाश चावला.

"खुर्ची फिरव."

"काय?"

"खुर्ची. माझ्याकडं तोंड करून बस. दुसरा हाफ बघायचा न्हाय. बोलायचं बी न्हाय."

"वस्ताद, आज तालीम खाली जाईल."

"तालीम माझी बी हाय."

हर्षदचा घसा तर केव्हाच बसला होता, आणि करून बघण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं. त्याने खुर्ची फिरवली.

खेळ सुरू झाला.

"इंगवले, मॅच तिकडं हाय," वरून कुणीतरी ओरडलं. "तोंड दाखवायला लाज वाटली असंल," दुसरा म्हणाला.

हर्षद मांड्यांवर मुठी आवळून बसला.

"सर, मी जाऊ का पुढं?" चार नंबरचा आवाज.

हर्षद अर्धा उठला. वस्तादांनी फक्त एक बोट वर केलं. तो बसला.

"सर?"

...

मैदानातून चेंडूचे ठोके तेवढे ऐकू येत होते. मग विरुद्ध संघाची माणसं एकदम गरजली. हर्षदने डोळे मिटले. चेंडू खांबावर आदळल्याचा आवाज आला.

"वाचलं," पायरीवरून कुणीतरी पुटपुटलं.

पोरं गप्पच होती. त्याच्या पाठीकडे बघत असणार, हर्षदला वाटलं. मग मागून, डावीकडून, एक आवाज आला.

"बाळ्या, तू जा. मी हाय मागं."

"येतो लगेच. तवर सोडू नको."

"पिंट्या, तुझ्या उजवीकडं बघ की लेका."

"बघतोय. तू ये मधी."

हर्षदची मान ताठ झाली. आवाज एका ओळीत होते. चार मागे. त्यांच्या पुढे तीन. एक आवाज पुढे सरकला, की शेजारचा त्याच्या जागी येत होता.

मग धप्पकन कुणीतरी पडलं. सगळ्या पायऱ्या खवळल्या. आरडाओरड्यावरून कळलं, बाळ्याच्याच चुलत भावाला पाडलं होतं. बाळ्या म्हणजे चार नंबर. हर्षद त्याच्या धावत्या पावलांची वाट बघू लागला.

"बाळ्या, थांब तिथंच," पडलेल्याचा आवाज आला. "मी उठतोय."

...

पावलं आली नाहीत.

फ्री किकची शिट्टी झाली. ठोका बसला. गोल हर्षदला पायरीवरच्या माणसांच्या तोंडावर दिसला. अख्खी पायरी उठून उभी राहिली. वस्ताद बसूनच होते.

त्यानंतरचा वेळ हर्षदने खुर्चीच्या कडा घट्ट धरून काढला. शेवटची शिट्टी झाली आणि त्याच्या छातीतून इतका लांब श्वास सुटला, की तो स्वतःच हसला. मग हसता हसता बाहीने डोळे पुसले. बरोबरी. तालीम वाचली होती.

पोरं त्याच्याकडे पळत येत होती. त्याआधीच त्याला विचारायचं होतं.

"वस्ताद, तुम्ही तर सगळं बघितलंत. सांगा ना... पोरांनी जागा धरल्या शेवटपर्यंत?"

वस्तादांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि ते उठले.

"मी कुठं मॅच बघत होतो? तुझ्याकडं बघत होतो. तू जागा सोडली न्हाईस."