डोंगराने ऐकलेली कुस्ती

आपल्या पणज्यांच्या पणज्यांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे जत्रेला गडाच्या पायथ्याशी मोठी कुस्ती व्हायची. वरच्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, बाळंतिणींना खाली उतरणं जमायचं नाही. म्हणून आखाड्याशेजारी एक हलगीवाला उभा राही. डाव पडला की त्याची हलगी बोले, टेकडीवरची दुसरी हलगी तो ठेका उचले, आणि बघता बघता सगळा डोंगर कुस्ती ऐके. चढाईचा ठेका वेगळा, निसटण्याचा वेगळा. लहान पोरांनाही तो कळायचा.

हलग्या लावण्याचा मान तालीम दरवर्षी मोल घेऊन कुणातरी एका व्यापाऱ्याला देई. हलग्या त्याच्या दुकानांपाशी वाजत, आणि जमलेली माणसं जाताना मीठ-गूळ घेऊन जात. त्याच्या पैशावर तालमीतल्या पोरांचं वर्षभराचं दूध चाले.

त्या वर्षी तालमीचे वस्ताद वारले. तालीम त्यांच्या बायकोकडे आली.

जत्रेच्या तोंडावर, आजवर हा मान घेत आलेला गुळाचा व्यापारी तिच्या दारात आला. "वहिनी, तुमचा पठ्ठ्या सगळ्यांचा लाडका. तो पडला तर लोक उठून जातील. समोरच्या पोराला मी समजावतो. तुम्ही नुसतं हो म्हणा, मान दुप्पट मोलाने घेतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग यंदा माझा पैसा नाही. पोरांना काय पाजाल? ताक?"

तिने खुंटीवरच्या, नवऱ्याच्या फेट्याकडे पाहिलं. तो अजून कुणी हलवला नव्हता.

"भाऊजी, लोक कान लावून बसतात, कारण पुढच्या क्षणी काय होईल ते त्यांना ठाऊक नसतं. मलाही नसतं. ह्यांनाही कधी नव्हतं. जे आमच्या हातातच नाही, ते तुम्हाला कसं विकू?"

"फेट्याने पोट भरत नाही, वहिनी!"

"ते माझ्या पोरांना सांगून बघा. जाताना दोघांनी उचलून न्यावं लागेल तुम्हाला."

व्यापारी पाय आपटत गेला. पण जत्रेच्या दिवशी हलगीवाले आपणहून, पैसे न घेता आले. म्हणाले, "यंदाची हलगी वस्तादांसाठी."

कुस्ती उन्हं कलेपर्यंत चालली. आणि शेवटी पठ्ठ्या पडला. वरच्या वस्तीच्या एका अनोळखी पोराने त्याला चीत केलं.

हलगी थांबली. वस्तादांच्या बायकोला वाटलं, आता डोंगर उठून जाणार, तालीम बंद पडणार.

तेवढ्यात पठ्ठ्यानेच त्या पोराला खांद्यावर घेतलं. हलगी पुन्हा कडाडली, आणि डोंगरावरून उत्तर आलं. थाळ्या, घागरी, सुपं, ज्याला जे सापडलं ते तो वाजवत होता. तिची मान ताठ झाली. डोळे मात्र तिने पदराने टिपले.

वर्षभर तालमीतली पोरं ताकावर राहिली, पण वस्त्यांवर एकच वाद होता. पठ्ठ्या परतफेड करणार, की ते पोर टिकणार? ज्यांनी कधी हलगी ऐकली नव्हती, त्या पलीकडच्या पठारावरच्यांनीही निरोप धाडले, की आमच्याकडेही हलगी लावा.

पुढच्या जत्रेआधी तिच्या दारात व्यापाऱ्यांची रांग लागली. मानाचं मोल आपोआप चढत गेलं. तिने प्रत्येकाला एकच विचारलं, "यंदा कोण जिंकेल?"

"अर्थात तुमचाच पठ्ठ्या, वहिनी!" गुळाचा व्यापारी हसून म्हणाला. तिने त्याला हात जोडून निरोप दिला.

मागे उभा असलेला एक मीठवाला डोकं खाजवत म्हणाला, "मला काय ठाऊक, बाई? तेच तर ऐकायचंय!"

मान त्याला मिळाला. खुंटीवरचा फेटा तिने उतरवला आणि कुस्तीच्या दिवशी आखाड्याच्या कडेला, वस्तादांच्या जागी ठेवला.

ज्या खेळाचा शेवट कुणालाच विकत घेता येत नाही, त्याच खेळाला खरं मोल येतं.