पसरलेला पदर

एका राज्यात कैक वर्षे पाळणा हलला नव्हता. राजा निवर्तला होता, राणी इरावती राज्य पाहत होती, आणि तिची लेक कुमुदिनी हे त्या राज्यातले शेवटचे मूल.

महालात दोन स्त्रियांचे चित्र होते. एक दागिन्यांनी मढलेली, दुसरी साध्या लुगड्यात पदर पसरून उभी. चौकटीवर साळुंकी बसे. ती म्हणे, "मागणारी कोण? देणारी कोण? दिले काय? ओळखा, शाप सुटेल."

चुकणाऱ्याची वाचा जाई. राजगुरू म्हणाले, "राणी आणि भिकारीण." मुके झाले. राजकवी म्हणाले, "सवती सवती." तेही मुके झाले. विद्वानांनी तर्क केले, चित्र मात्र कोणी नीट पाहिले नाही.

कुमुदिनी पुढे झाली तशी राणीने तिचा हात धरला. "बाळ, तू नको."

"आईसाहेब, बाया नवस बोलून थकल्या. मला पाहू द्या."

दागिनेवालीच्या पाटल्या कष्टाच्या हाताला चढल्या नव्हत्या, मुठीशीच अडकल्या होत्या. चोळी छातीशी ओली होती. कुमुदिनीने गोठ्यात वासरापासून तोडलेली गाय पाहिली होती. तिची कास अशीच गळे.

ती राणीकडे वळली. "मागणारी राणी. आपले दागिने हिला घालून तिने पदर पसरला. देणारी ही बाळंतीण. माझ्यानंतर इथे पाळणा हलला नाही, म्हणजे दिले... मला."

राणी म्हणाली, "माझी कूस उजवली नाही गं. तिने तुला माझ्या ओटीत घातले. पुढे ती तुला परत मागेल, या भीतीने महाराजांनी मांत्रिकाकरवी तिला या चित्रात कोंडले. जाताना ती म्हणाली, माझे लेकरू मला आई म्हणेपर्यंत इथे कोणी आई होणार नाही. तू दुरावशील म्हणून मी गप्प राहिले."

"हाक मार," साळुंकी म्हणाली.

जिने वाढवले तिच्यादेखत दुसरीला आई म्हणायचे! कुमुदिनीने राणीचा हात सोडला नाही. चित्राकडे पाहून म्हणाली, "आई."

बाई चित्रातून उतरली. ती होती तशीच तरुण होती, चोळी अजून ओली. पाटल्या काढून तिने राणीपुढे ठेवल्या आणि भिरभिर पाहत विचारले, "माझं तान्हं कुठाय?"

"मीच ती, आई."

आपल्याहून उंच लेकीच्या गालावरून तिने हात फिरवला. "एवढी मोठी झालीस? मी पाजलंही नाही गं पोटभर." तिने लेकीचे डोके मांडीवर घेतले. बघता बघता मांडी विरली, आणि फरशीवर थोडा रंग तेवढा उरला.

गुरू आणि कवी बोलते झाले. वर्ष सरायच्या आत घरोघरी पाळणे हलले. कुमुदिनी गादीवर बसली, राणीला आईसाहेबच म्हणत राहिली. चित्रात मात्र आता एकटी राणी पदर पसरून उभी असते.

कुमुदिनीची हाक उशिरा पोचली. तुमची-आमची वेळेत पोचो.